डायपर, मोठ्या मापाचे

जुलै. चिलोए बेटावरचा हिवाळा.
पाऊस पडतोय असं आता कुणी म्हणत नाही,
उघडला तरच बोलायचं.

पाच वाजता उठते. आधी चूल.
ओली लाकडं फुरफुरतात, नाक मुरडतात,
मग कुठे एखादं मनावर घेतं.
चुलीमागे तिन्ही कुत्री एकाच ढिगात,
कुठली शेपटी कुणाची ते त्यांनाच ठाऊक.
मांजर माझ्या गमबुटात. उजव्या.
रोज मी तिला उपसून काढायची, रोज तिने फिस्कारायचं,
आणि मला एक बूट तरी ऊबदार मिळायचा.
इतकी वर्षं हाच व्यवहार.

बाहेर अंधार गळ्यापर्यंत, चिखल घोट्यापर्यंत.
तबेला म्हणतो आम्ही, खरं तर चार खांब आणि पत्रा.
गळतो तिथे बादली ठेवलीय,
बादली भरली की तेच घोड्यांचं पाणी.
कानेलो भुकेला, म्हणून दाराला लाथा.
आणि ती म्हातारी, तोर्मेंता. म्हणजे वादळ.
चोवीस वर्षांत वादळासारखं तिने काही केलेलं नाही.

सोमवारी ती तीन पायांवर उभी होती.
डावा पुढचा खूर जमिनीला नुसता टेकवलेला,
उंबऱ्यात अडखळलेल्या पाहुणीसारखा,
आत यावं की नाही.
हात लावला. गरम.
त्या सगळ्या गारठ्यात गरम अशा दोनच जागा,
घरातली चूल आणि हा खूर.

वारा सुटला की बंदर बंद,
आणि डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावर.
फोनवर म्हणाले, आत पू झालाय,
तो आपली वाट काढेल, तुम्ही खूर मऊ ठेवा.
कोंडा, मीठ, कढत पाणी,
वरून बांधायला बाळाचं डायपर. मोठं माप बघा.

दुकानात एदुविनाने पाकीट धरून ठेवलं, सोडेना.
"बाळ कुणाला झालं? आणि मला कळलं कसं नाही?"
मी एकसष्टची. घरात दुसरं माणूस नाही.
"चोवीस वर्षांची आहे," म्हटलं, "साडेतीनशे किलो."
ती हसली नाही. आत गेली,
रुंद चिकटपट्टीचं अर्धं रीळ घेऊन आली,
तिच्या घोड्याचं, गेल्या हिवाळ्यातलं.
घोडा आता नाही.
पैसे नको म्हणाली, बटाटे निघाले की बघू.

सकाळ-संध्याकाळ मग तेच.
गुडघे चिखलात, तिचा पाय माझ्या मांडीवर,
तिचं सगळं वजन हळूहळू माझ्या पाठीवर
आणि मानेवर तिचा गवताचा श्वास.
पत्र्यावर पाऊस इतका
की शिवी दिली तरी मलाच ऐकू येईना.

भावाला फोटो पाठवला.
आर्तेमियो दक्षिणेला, माशांच्या कारखान्यात,
दर हिवाळ्यात त्याचा एकच निरोप: विकून टाक दोन्ही,
या वयात कशाला तुला चिखल.
डायपरवर गोणपाट, गोणपाटावर दोरी, असा तो पाय.
बराच वेळ काही नाही. मग आलं:
गाठ सैल आहे. बाबा मागून मारायचे.
मागून मारली. टिकली.

चौथ्या रात्री डायपर सोडलं
आणि असा वास आला की कुत्री उठून बाहेर गेली,
पावसात, आपण होऊन.
काळं, राखाडी, बोटभर.
इतकं घाण काही पाहून
मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

सकाळी ती चारही पायांवर.
कोरडा तबेला सोडून सरळ फाटकापाशी गेली,
जिथे सगळ्यात जास्त चिखल,
आणि पावसाकडे पाठ करून उभी राहिली.
म्हटलं, राहा.

पाकिटात अजून अकरा उरलीत.
फळीवर ठेवलीत, मिठाशेजारी.
ऑगस्ट अख्खा जायचाय.