खालच्या आवाजात

नीलमनगरात भिंतीपलीकडंच माग होते,
म्हणून आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो.
'मीठ दे'सुद्धा भांडल्यासारखं.
शाळेत बाई म्हणायच्या, अंबादास, हळू!
मला वाटायचं, हळू बोलतात ते
काहीतरी लपवत असणार.

मग कुंभारीकडं घर मिळालं. दोन खोल्या,
खिडकीत नुसता माळ,
पाणी तिथंही पाचव्या दिवशी.
पहिल्या रात्री कुणालाच झोप येईना.
अक्कानं उठून जुना पंखा लावला,
खडखडू दे म्हणाली काहीतरी.

दिवे गेले, पंखा थांबला,
तेव्हा ऐकू आली
अम्माच्या छातीतली शिट्टी.
किती वर्षं वाजत होती कोण जाणे.

"अम्मा, उद्या दवाखान्यात जाऊ,"
मी म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा
हळू.

"काय?" ती म्हणाली, "मोठ्यानं बोल की."