डब्यातला केस

वेंगुर्ल्याच्या काजू-कारखान्यात
डोक्यावर टोपी सक्तीची असते,
तरी त्या दिवशी सोललेल्या पांढऱ्या गरांवर
एक केस निघाला.
काळा, हातभर, सरळ.
केरकर सुपरवायझरने तो चिमटीत धरून
खिडकीच्या उजेडात नेला
आणि विचारलं, कोणाचा?

मला माहीत होतं.
पौषापासून तो माझ्याच उशीवर, माझ्याच फणीत,
न्हाणीच्या मोरीत गुंतून पाणी अडवणारा,
लेकीच्या डब्यातल्या भातातसुद्धा.
मी मोजणं सोडलं होतं
एकशे चाळीसवर.

सासूबाई म्हणाल्या, दिष्ट लागली गो तुका.
शेजारीण म्हणाली, बावीचं पाणी मचूळ झालंय,
खाडी आत सरकली.
दीर म्हणाला, शाम्पू.
मी खोबरेलात जास्वंद, माका, कढीलिंब
कढवून कढवून
घरभर वैद्याच्या माजघराचा वास केला.
केस तेलकट होऊन गळू लागले,
एवढाच फरक.

तर, कोणाचा?
चाळीस जणी, चाळीस टोप्या.
तेव्हा ग्रेडिंगच्या टेबलावरून फिलोमिना उठली.
टोपी काढली. टोपीखालचा रुमाल काढला.
डोक्यावर तीन चाया:
एक रुपयाएवढी, दोन वाटीच्या बुडाएवढ्या,
गुळगुळीत, समोरच्या गरांसारख्या.
"माझोच असतलो," ती म्हणाली. "बघ."
तिचे उरलेले केस आखूड, कुरळे, अर्धे पिकलेले.
केरकरने हातातल्या केसाकडे पाहिलं,
तिच्या डोक्याकडे पाहिलं,
आणि केस खिशात टाकला,
कचऱ्याची बादली पायाशी असताना.

गुरुवारी कुडाळहून डॉक्टरबाई येतात.
फिलूनेच नेलं.
बाईंनी साठेक केसांची बट बोटांत धरून
हळूच ओढली. नऊ आले.
प्रत्येकाच्या मुळाशी पांढरा कण,
रव्याच्या कणाहून लहान.
"तीन महिन्यांमागे काय झालं होतं?"
काही नाही, मी म्हटलं.
मग आठवलं. नवरात्रात डेंग्यू.
दसऱ्याचं सोनं कुणी हातात ठेवलं
तेही कळलं नव्हतं.

म्हणजे हे केस तेव्हाच सुटलेले,
पडले फक्त आता.
माडाचं चुडत असंच.
आधी सुकतं, बुंध्याशी सैल होतं,
तरी लोंबत राहतं कितीतरी दिवस,
आणि पडलं की आपण शिव्या देतो
त्या रात्रीच्या वाऱ्याला.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक,
लोहाचा साठा अकरा.
रोज एक गोळी, लिंबाच्या पाण्यासोबत,
चहा त्यापासून दोन तास लांब.
आणि तेल? मी विचारलं.
"आवडत असेल तर लावा," बाई म्हणाल्या,
"मुळांना त्याचं काही पडलेलं नाही."

फिलूचं वेगळं.
तिचं शरीरच तिच्या केसांच्या मुळांना
परकं समजून बसलंय.
उंदराने कुरतडलेलं नाही, कुणाला लागण होत नाही,
तरी गिरजेत तिच्या शेजारची जागा
बरीच वर्षं रिकामी.
लहानपणी तिला गुंज उगाळून चोळली होती,
फोड आले होते, हे सांगताना ती हसली.
चाईच्या कडेला बारीक सुई टोचली
तेव्हा मात्र माझा हात धरला,
अजून बोटांवर वळ असावेत असा.

वैशाखात माझ्या कपाळाशी
आखूड केसांची रांग उभी राहिली,
टोपीला न जुमानणारी. लेक म्हणते, साळिंदर.
फिलूच्या दोन चाया भरल्या,
एकीत आधी पांढरी लव, मग काळी.
तिसरी, कानामागची, आहे तशीच.
बाई म्हणतात, सांगता येत नाही.
फिलू म्हणते, राहूंदे, तिथे वारा बरा लागतो.

आणि परवा, पगाराच्या दिवशी,
फिलूला सोडून माझ्याकडे येऊन
केरकरने हळूच विचारलं,
गुरुवारी बाई किती वाजता बसतात?
बायकोसाठी, म्हणाला,
आणि टोपी आणखी थोडी
खाली ओढली.