टोटल

पोर्वेनीरच्या धक्क्यावर, सकाळी साडेसातला
फेरीबोटीचा जबडा उघडा.
मेंढ्यांचे दोन ट्रक, पाववाल्याची व्हॅन,
शाळेची बस, मग सगळे आत गेल्यावर
सायकलवरून धापा टाकत पोस्टमास्तर,
आणि माझ्या पडद्यावर
प्रवासी : एक.

रोज एकच.
कप्तान म्हणाला, दानित्सा,
तुझ्या यंत्राचं ऐकलं तर
एका माणसासाठी आम्ही सामुद्रधुनी ओलांडतो.
त्याला हसू येत होतं.
बंदरावर आकडा द्यायचा असतो, सहीसकट,
त्याशिवाय दोर सुटत नाही.

एलिएसेर गेली एकवीस वर्षं
रॅम्पपाशी उभा राहून मोजतो.
दाराबाहेर खिळ्याला पाटी.
काच ठोठावतो, वाकून आत बघतो,
पाटीपाशी येतो,
खडूच्या चार उभ्या, एक आडवी,
परत जातो वाऱ्यात.
गाड्या बदलतात. पाटी तिथेच.

त्याच्याकडे बघता बघता कॉफी गार झाली
आणि मला माझी ओळ दिसली.
मी प्रत्येक गाडीला नवी पाटी देत होते!
चक्राच्या आत, महिरपी कंसाच्या आत,
टोटल बरोबर शून्य.
मोज, मांड, दाखव,
आणि महीरप मिटली की पाटी समुद्रात.
पुढच्याला पुन्हा कोरी.
हातचा धरायला हातच नाही.
उरतो तो शेवटचा,
सायकलवाला.

एवढंच ना, म्हटलं.
ओळ उचलली, चक्राबाहेर ठेवली.
लाल अक्षरं :
हे नाव आधीच जाहीर झालेलं आहे.

बाराव्या ओळीत, इव्होच्या हातचं.
इव्हो आता अंतोफागास्ताला, तांब्याच्या खाणीत,
फोन उचलत नाही.
त्याचाही टोटल.
माझा आत होता तोवर कुणाची हरकत नव्हती,
घरात कुणी कुणाला काहीही हाक मारावी;
अंगणात आणला आणि कळलं,
या नावाचं बारसं कधीच झालंय.

आता खरं सांगते, त्या दिवशी मी
चूक सुधारली नाही, गप्प केली.
माझी ओळच खोडली.
लाल गेलं. सगळं हिरवं.
घरून आणलेला केक सगळ्यांना वाटला.

दुपारी पडद्यावर
प्रवासी : चार लाख बारा हजार एकसष्ट.
कप्तानाने टोपी काढली.
संध्याकाळी खजिनदार नेव्हेन्का,
गुडघ्यांवर, टेबलाखाली बॅटरी घेऊन :
गल्ल्यात एकसष्ट पेसो कमी पडतायत.
एक पेसोचं नाणं आता चलनातही नाही,
तरी ती शोधत होती.

इव्हो पैसे मोजत होता.
मी माणसं त्याच्या पैशांत ओतली होती.

इव्होचं नाव मी त्याच्याकडेच राहू दिलं,
चाळीस ठिकाणी त्याला हाका मारल्या होत्या.
माझ्यासाठी दुसरं शोधत बसले :
टोटल दोन, टोटल नवा, टोटल खरा.
एलिएसेर हातमोजे पिळत म्हणाला,
पाण्यावर प्रवासी म्हणत नाहीत, पोरी.
रेडिओवर विचारतात, किती जीव?

मग चक्राच्या बाहेर, एकदाच, लिहिलं
जीव बरोबर शून्य
आणि बोट कळीवरच थांबलं.
किती वेळ, माहीत नाही.
बाहेर पत्रा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी साडेसात.
ट्रक, व्हॅन, बस, सायकल.
पडद्यावर एकसष्ट.
खिळ्यावरच्या पाटीवर बासष्ट.

मी दोनदा मोजलं. तो म्हणाला,
ट्रकमधला कुत्रा.
आणि मेंढ्या?
मेंढ्या माल आहेत. कुत्रा कामावर आहे.

मी कागदावर एकसष्टवर सही केली.
त्याने पाटी पुसली नाही.