हळकुंड

आमचे पप्पा मार्केट यार्डात हळद पारखायचे.
एकाच पेढीवर तेहतीस वर्षं.
नखांना, कॉलरला, रविवारच्या पांढऱ्या सदऱ्यालासुद्धा
कधी न गेलेला पिवळा.
प्रभुभोजनाला हात पुढे झाला की
पाळक गालात हसायचे,
मंडळीचे वडील होते ते. हळदे वडील.

रंग बघू नको, म्हणायचे.
रंग ड्रमात चढतो.
पॉलिशला टाकलं की किडकंसुद्धा
नवरीसारखं दिसतं.
मोडून बघ.
आणि कानाशी धरून मोडायचे,
कट्ट.
मग आतला रंग. मग नाक. मग जीभ.
मग कुठे भाव.
मऊ मोडलं तर माल बाजूला,
सख्ख्या मेहुण्याचा असला तरी.

त्या वर्षी मिरज रस्त्याच्या मंगल कार्यालयात
तीन दिवसांची सभा लागली.
ब्रदर अब्नेर. कोट, कीबोर्ड, धूर सोडायचं यंत्र,
आणि तेलाच्या बाटल्या, बोटभर, दोनशे रुपये.
हे लावा, गोळ्या फेका.
ज्याला गुण येत नाही त्याचा विश्वास कच्चा.
पी हळद आणि हो गोरी,
पप्पा पुटपुटले. आईनं कोपर मारलं.

तरी ते उठलेच.
आवाज न चढवता, सौद्यात विचारतात तसं:
"हे कुठं लिहिलंय?"
ब्रदरनी ओळ सांगितली, पाठ, अध्यायासकट.
"ओळ आहे. आता तिच्या वरची वाचा.
आता खालची."
कीबोर्डवाल्यानं घाईनं सूर धरला.
लोक टाळ्या वाजवायला लागले,
आम्ही अंधारात चपला शोधत होतो.
"बोलतो छान," पप्पा वाटेत म्हणाले.
"ओळही खरी होती रे त्याची.
वरून रंग दिला होता."

दोर्कस मावशीनं इन्सुलिन थांबवलं.
फेब्रुवारीत तिचा डावा पाय
गुडघ्याखालून काढला.
पप्पा दर गुरुवारी डबा घेऊन जायचे,
मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी,
आणि सांगितलं होतं ना, असं
एकदाही म्हणाले नाहीत.

आता त्यांच्या जागी संडे स्कूल मी घेते.
पहिल्या तासाला ताटात सात हळकुंडं,
त्यातली दोन सोंगाडी.
मुलं कानाशी धरतात, मोडतात, शिंकतात,
बोटं पँटला पुसतात, आया माझ्या नावानं ओरडतात.
मग म्हणते, वचनाचंही असंच.
कोण म्हणालं, कुणाला, वर काय, खाली काय,
आणि ऐकून झाल्यावर माणूस प्रभूकडे वळतो
की सांगणाऱ्याच्या खिशाकडे.

मागच्या रविवारी महापुराचा विषय निघाला.
चर्चच्या भिंतीवर रेघ आहे अजून,
व्यासपीठाच्या हातभर वर.
आणि मी बोलून गेले,
पप्पा बोलायचे तेच, त्याच सुरात:
गावाचं पाप वाढलं की देव नदी सोडतो.

ओबेद चांदणे, सहावीतला,
ज्याला मी दोनदा बाहेर उभं केलंय:
"टीचर, हे कुठं लिहिलंय?"
मी तारवाचं पान काढून दिलं.
तो वाचत गेला, बोट ठेवून,
मी थांब म्हटल्यावरही थांबला नाही,
पाणी ओसरलं, पक्षी परतला,
ढगात धनुष्य लागलं, देवानं शब्द दिला.
मग पुस्तक मिटलं त्यानं.
"आणि माझी आजी गेली त्यात.
तिचं कुठलं पाप, टीचर?"

कुणी शिंकलं नाही.
मऊ मोडलं होतं,
सगळ्यांनी ऐकलं.

पुढच्या रविवारपर्यंत वेळ दे, म्हणाले मी.
आज शनिवार.
पप्पांची जुनी प्रत उघडून बसलेय,
दिवा जवळ ओढून.
त्या पानावरही त्यांचा पिवळा अंगठा आहे,
पाणी चढतं तिथं, समासात, चांगला ठसठशीत.
पान उलटलं.
पुढचं कोरं पांढरं.