पहिला जो जुळेल

नोव्हेंबरात हांको बंदर साडेचारलाच विझतं.
संग्रहालयाच्या मागच्या खोलीत औलिक्की,
समोर जहाजांवरच्या उतारूंची यादी:
एक लाख चौऱ्याऐंशी हजार नावं,
कॅनडाला गेलेली, अमेरिकेला गेलेली,
काही फक्त गेलेली.

पूर्वी ती पाऊल न् पाऊल लिहायची.
शून्यापासून सुरू कर, थांब, बघ,
जुळलं का? खूण कर. पुढे हो.
रात्रपाळीचा रखवालदार जसा
दर दाराची कडी ओढून बघतो.

‘कसं शोधायचं ते सांगू नकोस,’ रूनार म्हणायचा,
‘काय शोधायचं ते सांग.’
आता एकच ओळ.
फंक्शनच्या हाती दुसरं फंक्शन:
एक प्रश्न, होय किंवा नाही एवढंच जाणणारा.
यादीला धक्का नाही. कुणी जागचं हलत नाही.
आणि कुणीच जुळलं नाही तर
रिकामी डबी परत येते, नीट झाकण लावलेली,
म्हणजे ‘नाही’सुद्धा हातात धरता यावं.

आडनाव लुओपा. गाव इल्मायोकी. वय एकोणीस.
पहिलं नाव घरात कुणालाच आठवत नव्हतं.
पणजीचा भाऊ तो, त्याला म्हणायचेच ‘गेलेला’.

पापणी लवायच्या आत उत्तर:
एफ्राइम लुओपा, सुतार. क्रमांक चार हजार अकरा.
तिनं लगेच आईला फोन लावला.
आई बराच वेळ गप्प. मग,
‘एफ्राइम. बरं झालं गं.’

कोट चढवताना, एक हात बाहीत असताना,
तिच्या लक्षात आलं:
यंत्र चार हजार अकरावर थांबलंय.
पुढच्या पावणेदोन लाखांना
कुणी काही विचारलंच नाही.
पहिला जुळला, एवढंच खरं;
तोच हवा होता, असं ते कुठे म्हणालं?

उभ्यानंच तिनं एक शब्द बदलला.
‘पहिला’ खोडून ‘सगळे’.

एफ्राइम.
नेस्तोरी.
आणि एक, ज्याच्या नावावर कधीतरी पाणी सांडलेलं.

परक्या मातीत पुरलेल्यांसाठी
इथल्या दफनभूमीत एक दगड आहे.
आई आधीच येऊन थांबलेली, डोक्याला लोकरी रुमाल.
‘तीन मेणबत्त्या कशाला?’
‘वारा आहे,’ औलिक्की म्हणाली,
‘एखादी विझेल.’