फक्त वाचण्यापुरतं

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
एसी सर्व्हरला आहे, मला पंखा.
दुपारी तीनला पडद्यावर चौकट उघडते:
हे अ‍ॅप तुमच्या संस्थेतल्या तीनशे बारा खात्यांतली
पुढील माहिती वाचू इच्छितं.
खाली नऊ ओळी,
आणि एक भलंमोठं निळं बटण,
सगळ्याला परवानगी द्या.

पगाराआधी उचल देणारं अ‍ॅप आहे.
शेठ म्हणाले, "दाबून टाक लावण्या, लोकांचंच भलं आहे."
असेल. उचल लागते लोकांना.
मलाही लागली होती, अम्माच्या मोतीबिंदूला.

पण सहावी ओळ: रजेची कारणं.
ती कारणं मी टाइप केलीत.
वाइंडिंगच्या पुष्पा गाजुलचं, मार्चमधलं, तीन दिवसांचं,
जे तिनं खिडकीतून वाकून कानात सांगितलं
आणि मी 'ताप' लिहिलं.
सगळ्यांना ताप आणता आला नाही मला.
मल्लिनाथ म्हणाला कोर्टाची तारीख,
मी कोर्टाची तारीख लिहिली.

अम्मा विड्या वळायची, विडी घरकुलात.
हजारामागं मजुरी, त्यातून छाट वजा.
छाट किती ते चेकर ठरवायचा,
त्याचा हात सुपात कोपरापर्यंत जायचा.
पासबुक कंत्राटदाराकडे,
सही कोऱ्या कागदावर,
फंडाचा नंबर त्याच्या डायरीत.
घरात मुली किती, थोरलीचं कुठं जमतंय का,
हेही त्याला ठाऊक.
त्यानं कधी विचारलं नव्हतं,
अम्मानं कधी दिलं नव्हतं,
तरी सगळं त्याच्याकडे होतं.
माणूस वाईट नव्हता, असं ती अजून म्हणते.

ओसरी दिली की पाय पसरतात, हे जुनं झालं.
आता पाय दिसत नाहीत.

निळ्या बटणाखाली बारीक करडी अक्षरं आहेत,
चष्मा वर करून वाचावी लागतात: निवडून द्या.
नाव दिलं. कामगार क्रमांक दिला.
हजेरीचे दिवस दिले.
फक्त वाचण्यापुरतं, नव्वद दिवस.
फोनमधले नंबर नाहीत.
सुटल्यावर कोण कुठं जातं, ते नाही.
सहावी ओळ नाही.

आणि हात लागलाच होता म्हणून जुनी यादी उघडली.
माझ्याआधी इथं बंडगर होता, पुण्याला गेला, तीन वर्षं झाली.
त्यानं वाटलेल्या चौदा किल्ल्या अजून फिरतायत.
एक तर दिवाळीची शुभेच्छापत्रं करणारं अ‍ॅप.
एकाच दिवाळीला वापरलेलं,
रोज रात्री दोनला येतं,
सगळ्यांची मेल वाचतं, जातं.
मी एकेक काढत गेले, चौदाच्या चौदा.

सकाळी लेबलचा प्रिंटर बंद.
माल गाडीत चढेना, ड्रायव्हर तंबाखू मळत बसलेला.
शेठ तेलुगूत बोलले, म्हणजे खरोखर चिडले.
बंडगरच्या नवव्या किल्लीवर प्रिंटर चालत होता.
ती परत दिली. तेवढी एकच.

दुपारच्या सुटीत पुष्पा आली, केसांत सूत.
"उचल मिळणार ना?"
"मिळेल."
"बदल्यात काय काय दिलंस आमचं?"
मी पडदा तिच्याकडे फिरवला.
तिनं बोट ठेवून वाचलं, ओठ हलवत,
सहाव्या ओळीशी थांबली,
रिकाम्या चौकोनावर नखानं टकटक केली.
"बरं केलंस," म्हणाली. मग,
"पण तुला दिसतंय की सगळं."

दिसतं.
पाच वर्षं झाली मला इथं.
माझ्यासाठी कुणापुढं कुठली चौकट उघडली होती,
किती ओळींची,
कुणी बटण दाबलं,
काही आठवत नाही.

भोंगा झाला.
ती वाइंडिंगला गेली.