ल म्हणून शोधा

दर गुरुवारी, अकरा ते एक,
रामबागेतल्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागे
मी बसते. फी नाही.
पाटी दिघ्यांनी रंगवली: सरकारी माहिती शोधून मिळेल.
'शोधून' लिहिलं ते बरं केलं.
नुसतं 'मिळेल' म्हणजे खोटं झालं असतं.

लोक पिशवी घेऊन येतात.
पिशवीत पिशवी, तिच्यात फाइल,
फाइलीत लॅमिनेशन करून घेतलेलं काहीतरी.
आणि ओटीपी जातो पुण्याच्या जावयाला,
जो मीटिंगमध्ये असतो.

इंदुमती मुळे आल्या तेव्हा साडेबारा वाजले होते.
नवरा गिरणीत. गिरणी बंद पडली, मग नवराही गेला.
थकबाकीची यादी ऑनलाइन टाकलीय,
असं त्यांना भाजीच्या गाडीपाशी कुणी सांगितलं.
कुठे टाकलीय ते नाही सांगितलं,
विहिरीत टाकावी तशी.

लुकलुकणाऱ्या सूचनांच्या खाली,
'अन्य'च्या आत, 'विविध'च्या आत, सापडली ती.
नाव घातलं: वामन गणेश मुळे.
कोई रिकॉर्ड नहीं मिला।
गणेश काढून पाहिला, वामन काढून पाहिला.
शेजारचा लोकेश म्हणाला, "आंटी, नहीं है. छोड़ो."

सोडलं नाही. अख्खी यादीच उतरवून घेतली,
चारशे बारा पानं, टाइप केलेल्या कागदांचे फोटो,
काही तर उलटे.
मान वाकडी करून वाचत गेले
आणि एकशे नव्वदाव्या पानावर थांबले.
नावापाशी नाही. म पाशी.
ह्या म चा दांडा खालून तुटलाय.
हा म माझ्या ओळखीचा आहे.
श्रम कार्यालयात बावीस वर्षं
मी ह्याच मशीनवर बसले.

ळ ची कळ होती मशीनला.
पहिल्याच आठवड्यात साहेबांनी लाल पेन्सिलीनं गोल केला:
हिंदी में यह नहीं चलता.
दोन पानं पुन्हा टाइप केली. मग बोटं शिकली.
काळे काले झाले, वाळिंबे वालिंबे,
गोखले तेवढे बचावले.
संध्याकाळी घरी जाऊन मी पोळ्या लाटल्या,
केळी सोलली, बाळाला बाळ म्हटलं.
तोंडाला काही झालं नव्हतं.

तर वामन गणेश, क्रमांक दोन हजार सातशे तीन:
मुले.

सांगितलं त्यांना. टायपिंग माझं, हेसुद्धा.
चष्मा स्क्रीनला टेकवून त्या बघत राहिल्या.
"आम्हाला मूल झालं नाही," म्हणाल्या,
"तुम्ही नावातच घातलीत की. एक नाही, अनेक."
त्या हसल्या का,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग कामाचं: शपथपत्र, की दोन्ही नावं एकाच माणसाची.
नोटरी, कोर्टाच्या भिंतीला टेकून बसतो तो.
आधारची झेरॉक्स, दोन प्रती.
चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.
रक्कम किती ते यादीत नव्हतं.
कधी, तेही नव्हतं.

पाटीखाली खडूनं एक ओळ वाढवली:
नाव सापडत नसेल तर ळ च्या जागी ल घालून पाहा.

एक वाजून गेला होता. दारात अजून एक गृहस्थ,
पिशवीत पिशवी.
"नाव?"
"पिंगळे."
मी आधी ळ च टाइप केला.
नीट पाहून घेतला एकदा,
मग खोडला.